सलमाची तीनचाकी

शमशुद्दीनच्या हाताला उद्यमनगरात तोड नव्हती. पण असल्या हाताला आग लागो, असं म्हणायची पाळी शेवटी त्याच्यावरच आली.

एरवी त्याचं काम सरळ होतं. पाईपाला पाईप काटकोनात जोडायचा, तर एकाचं तोंड कानशीनं अर्धगोल खाचायचं, दुसऱ्याच्या पाठीवर टेकवायचं आणि गॅसवर पितळ वितळवून सांधा भरायचा. गिऱ्हाईक घाईचं असलं की खाच ओबडधोबड! राहिलेली फट पितळानं बुजवायची, वर काळा रंग मारायचा. गुंडू गवळ्याच्या सायकलचं कॅरेज त्यानं असंच एका सांजेत उरकून दिलं होतं.

पण सलमाच्या गाडीला असली उरकाउरकी? छे!

सलमा त्याची थोरली लेक. लहानपणी पोलिओनं पाय गेलेले, जीभ मात्र चौघींची. सातवीपर्यंत त्यानं तिला पाठुंगळी घेऊन शाळेत पोचवलं. आता हायस्कूल लांब, पोरगीही अंगानं वाढलेली. "अब्बा, हातानं फिरवायची तीनचाकी करून द्या. माझी मी जातो," ती म्हणाली. शाळा सुरू व्हायच्या आत देतो, असा शब्द त्यानं दिला.

आणि बसला कानस घेऊन. खाच झाली की सांधा दिव्यासमोर धरायचा. केसाएवढा उजेड दिसला की पाईप भंगारात. गुण्या लावून कोन बघायचा, जरा तिरका वाटला की पुन्हा पहिल्यापासून.

"अवो, शाळा सुरू झाली की!" बायको सुगरा करवादली. "पोरगी दारात बसून दुसऱ्यांची दप्तरं बघतीया."

"माझी लेक बसणार हाय त्यात, दुधाचं कॅन न्हाय. व्हईल आठवड्याभरात."

दसरा गेला, दिवाळी गेली. शाळेनं पटावरचं नाव काढलं. सलमा रडली, चिडली, मग गप झाली. ते गप होणं बापाला कळायला नको? पण या शहाण्याचं सगळं डोकं खाचेत अडकलेलं. शेजारच्या चिमणाबाईनं तिला शिवणाचं हातमशीन शिकवलं. पुस्तकं तिनं धाकटीला देऊन टाकली.

होळीनंतर गाडी झाली. काय गाडी हो! सांध्यावरून बोट फिरवलं तर कुठं अडकत नव्हतं. त्यानं ती ऐटीत दारात आणली. "चल, बस. जूनला पुन्हा नाव घालू."

"बारक्या पोरींत बसू? मला न्हाय जायाचं आता," सलमा म्हणाली आणि झंपर शिवत राहिली.

तेवढ्यात गुंडू रतीब घालायला आला. सायकलच्या दोन्ही अंगांना भरलेले कॅन लटकत होते. कॅरेजचा रंग उडाला होता आणि सांध्यावरचं पितळाचं ढेकूळ उघडं पडलं होतं. सलमाची नजर तिथं गेली.

"अब्बा, हे तुमीच केलंसा न्हवं?"

"व्हय. कसलं काम ते! नुसतं पितळ भरलंय."

"गुंडूमामा, कधी मोडलं का हो?"

"छ्या! किती खड्ड्यांत आपटलंय, हललं न्हाय," गुंडू म्हणाला.

आपल्याच मायेनं पोरीची शाळा खाल्ली, हे शमशुद्दीनला तिथं, उभ्या उभ्या कळलं.

सलमानं मशीनचं चाक थांबवलं.

"मला पितळ भरलेली चालली असती की, अब्बा."