हातातून हातात

“पाळण्याखालून पोर कोण घेणार? माझा गुडघा नाय वाकत गो,” शेजारच्या म्हाताऱ्या येसूबाईंनी जाहीर केलं, आणि बारशाला जमलेल्या बायका हसायला लागल्या.

मालनला मात्र हसू येईना. तिची नजर ओटीच्या खांबाला टेकलेल्या नवऱ्यावर होती. बारा दिवसांत विठूने मुलाला एकदाही उचललं नव्हतं. जवळ येई, टक लावून बघे, आणि हात पाठीमागे बांधून उभा राही. “माझे हात भरवशाचे नाय,” एवढंच एकदा म्हणाला होता.

कारण तिला ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी इटलीत, लढाईच्या ऐन धुमश्चक्रीत नदी ओलांडताना जखमी साथीदार हरिश्चंद्र, त्यांचा हरबा, विठूच्या हातांतून निसटला आणि वाहून गेला. सरकारी कागदावर ‘वीरमरण’ छापून आलं. बुरोंडीला जाऊन विठूनेच तो कागद हरिश्चंद्रच्या आईला वाचून दाखवला. परत आला तो आपलं पदक गोठ्याच्या कोनाड्यात टाकून मोकळा झाला.

“सरा, सरा! पलटण आली!”

दारात अयूब. विठूचा लढाईतला जोडीदार, थेट हर्णेहून. डोक्यावर सुक्या बांगड्यांची टोपली.

“बारशाला खारं?” येसूबाई ओरडल्या.

“मग काय म्हातारे, पोर कोकणातला ना? आतापास्नं वास ओळखूदे!”

येसूबाईंच्या गुडघ्याची अडचण कळताच त्याने टोपली खाली ठेवली. “आमी दोघांनी तीन वरसं तोफेचे गोळे दिले-घेतले. घेणारा ‘घेतला’ बोलल्याबिगर देणाऱ्याने हात सोडायचा नाय. एक गोळा पडला नाय आमचा. ये रे विठू, बस पलीकडं.”

“नको. हरबाला सोडला मी.”

“एकट्यानं? त्याचे पाय कुणाच्या हातात होते, लेका?” अयूबचा आवाज खाली आला. “मीपण सोडले. नऊ वरसं सगळा भार तू एकटाच वाहतोयस. माझा अर्धा दे मला.”

विठू हळूहळू आला आणि पाळण्यापलीकडे गुडघे टेकून बसला.

येसूबाईंनी बाळ अयूबच्या ओंजळीत दिलं. तो वाकला, पाळण्याखालून हात पुढे केले आणि खणखणीत ओरडला, “गोळा!”

“घेतला!”

शब्द विठूच्या तोंडून आपसूक निघाला. हात त्याआधीच पुढे गेले होते.

मग काय! खालून गोळा, वरून घेतला. गोविंद-गोपाळांची नावं राहिली बाजूला. तिसऱ्या खेपेला बाळाने अयूबचा नवा सदरा भिजवला, तेव्हा “मेलो! गोळा फुटला!” म्हणून तो आडवाच झाला. बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं हसून हसून. विठूही हसत होता, मान मागे टाकून. मालनने त्याला असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं.

शेवटी बाळ रडायला लागलं. विठू उठून तिच्यापाशी आला.

“गोळा,” तो हळूच म्हणाला.

मालनने बाळाखाली हात धरले. विठूचे हात तसेच होते, घट्ट, तिच्या शब्दाची वाट बघत.

‘घेतला’ हा शब्द तिने मुद्दाम बराच वेळ उच्चारलाच नाही.