अर्धी कापलेली वाट

मी एक जुनं, पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं यंत्र आहे. आता चालत नाही, पण ओळख सांगायची तर एवढीच सांगता येते. कंपनीचं नाव आणि नंबर लिहिलेली एक चिकटपट्टी पूर्वी माझ्या अंगावर होती. टाकीतून पेट्रोल सांडत गेलं, पुसणारे फडकं घासत गेले आणि अक्षरं निघून गेली. मित्रांनो, तेव्हा त्याचं कोणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे काही वर्षं कोणाच्या तरी बागेत राबलो आणि मग जुन्या मालाबरोबर हैदराबादच्या बाजारात आलो. तिथून मला मोहनसिंग नावाच्या ठेकेदारांनी उचललं. ही १९९४च्या सुमाराची गोष्ट. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यालगतचं गवत काढायची कामं ते घेत असत.

माझं अंग म्हणजे एक लांब नळी. वरच्या टोकाला इंजिन आणि खालच्या टोकाला गोल डोकं. त्या डोक्यातून नायलॉनची जाड दोरी बाहेर आलेली असते. इंजिन फिरलं की दोरी फिरते आणि गवत तोडते. पातं नसतंच. इंजिन सुरू करायला ओढायची दोरी वेगळी, ती वरच्या टोकाला असते. पहिल्या दिवशी मजूर खूप हसले. दोरीनं गवत कापणार असाल तर उद्या चिंधीनं लाकूड फोडा, असं त्यांनी मोहनसिंगांना ऐकवलं. मग समोरचं गवत उडताना त्यांनी पाहिलं आणि माझ्या आवाजावरून माझं नाव भुंगा पडलं.

मला खांद्यावर घेणाऱ्या माणसाचं नाव मुंजाजी. जवळा बाजार या मोठ्या गावाच्या अलीकडे एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीत त्यांचं घर आहे. कामावर त्यांच्या मागून त्यांची बायको पद्माबाई चालायच्या. त्यांच्या एका हातात पेट्रोलचा डबा असे आणि दुसऱ्या हातानं त्या शेळ्यांसाठी गवत गोळा करत. मुंजाजींचे दोन्ही हात माझ्यात अडकलेले असत, म्हणून मोहनसिंगांनी तेलाचं काम पद्माबाईंना समजावून दिलं. माझ्यासारख्या लहान इंजिनात तेलाला वेगळी जागा नसते. ते पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. नुसतं पेट्रोल दिलं तर आतला पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि अडकून बसतो.

पद्माबाईंनी ते एकदा ऐकलं आणि कायमचं मनात ठेवलं. त्या काचेच्या बाटलीत पेट्रोल घेत, वरून तेल सोडत, बाटली उन्हाकडे धरून रंग पाहत आणि मगच माझ्या टाकीत ओतत. मापाचं भांडं त्यांनी कधी ठेवलं नाही. एकदा मुंजाजी म्हणाले की दे, आज मी मिसळतो.

त्यांनी बाटली दिली नाही. "तुमी नुसती दोरी ओढा," त्या म्हणाल्या. "याचं खाणंपिणं माझ्याकडं हाय. तुमाला सोताच्या चहात साखर किती ते ठाव न्हाई."

मुंजाजी हसले. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही.

पुढे मोहनसिंगांनी ठेकेदारी सोडली आणि जाताना मला मुंजाजींना देऊन टाकलं. हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्याच्या आसपासचे ते दिवस. त्यानंतरची काही वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती. पंधरा ऑगस्टच्या आधी आजूबाजूच्या शाळांची मैदानं मी साफ करत असे. माझी दोरी झिजली की पद्माबाई धरणावर मासे धरणाऱ्यांकडून जाड नायलॉन आणत. मास्तर म्हणत की मुंजाजीचा भुंगा येऊन गेला की लेकरं मैदानात सोडायला भीती वाटत नाही. हे ऐकून मला बरं वाटायचं.

पण मला जे काम खरं आपलं वाटलं, ते वेगळं होतं.

वस्तीतून स्मशानभूमीकडे एक वाट जाते. आधी चारीचा, म्हणजे कालव्यातून निघालेल्या पाटाचा, छोटा पूल लागतो आणि पुढे पडीक रान. पावसाळ्यात त्या वाटेवर कंबरेइतकं गवत होतं. त्या दिवसांत ज्याला त्याला आपल्या खुरपणीची घाई असते आणि स्मशानाची वाट कोणाच्या वाटणीची नसते. एका वर्षी भरपावसात नानीबाई नावाची म्हातारी वारली. खांदेकऱ्यांचे पाय गवतात घसरत होते, तिरडी कलत होती. बायका पुलापर्यंत आल्या आणि सापाच्या भीतीनं तिथूनच मागे फिरल्या. त्यांच्यात नानीबाईंची लेकही होती.

घरी आल्यावर पद्माबाई जेवल्या नाहीत. "लेकीला मायसंगं शेवटपर्यंत जाता आलं न्हाई," त्या म्हणाल्या. "अन् ते बी गवतापायी. आपल्या घरी हे असून."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं त्या वाटेवर होतो. दुपारच्या आत वाट मोकळी झाली. तेव्हापासून पावसाळ्यात गवत वाढलं की आम्ही जात असू. कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी काही द्यावं असंही नव्हतं. पुढे वस्तीतल्या बायका शेवटपर्यंत जाऊ लागल्या.

मित्रांनो, २००६च्या पावसाळ्यात पद्माबाईंना ताप आला. दवाखान्यात नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. त्या गडबडीत वाट तशीच राहून गेली. श्रावण संपायच्या आत पद्माबाई गेल्या.

त्यांची लेक संध्या कळमनुरीला दिलेली होती. ती आली तेव्हा तिला दिवस गेलेले होते. अंगणात माणसं जमली, तिरडी बांधायला घेतली आणि मुंजाजी उठून माझ्याकडे आले. लोक त्यांना म्हणाले की आजच्या दिवशी तुम्ही बसून राहा, दुसरा कोणी कापील. मुंजाजी म्हणाले की भुंगा दुसऱ्याच्या हाती चालत नाही. माझी टाकी कोरडी होती. त्यांच्या भावाचा मुलगा धम्मानंद यानं आपल्या मोटारसायकलमधून पेट्रोल काढून दिलं. त्या गाडीला तेल मिसळावं लागत नाही, म्हणून त्याच्या मनात काही आलं नाही. मुंजाजींच्याही आलं नाही. तेलाची बाटली घरात कोनाड्यात होती. जी बाई ती उचलायची, ती अंगणात पांढऱ्या कपड्यात होती.

मी सुरू झालो. पूल ओलांडला. गवत दोन्ही बाजूंना पडत होतं आणि आत मी कोरडा घासत होतो. मला ओरडता येत नाही. माझा आवाज बारीक झाला, अंगाला जळका वास आला आणि अर्ध्या वाटेवर मी जागच्या जागी अडकलो. मुंजाजींनी दोरी ओढली. ती हललीही नाही. पुन्हा ओढली. मागून तिरडी येताना दिसत होती.

मला बाजूला ठेवून माणसं पुढच्या गवतात शिरली. कापलेली वाट जिथे संपत होती तिथे बायका थांबल्या. संध्या पुढे निघाली होती, पण पोटात लेकरू असलेल्या बाईला त्या गवतात कोण जाऊ देणार? दोघींनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं. आई गवताआड गेल्यावरही ती तिथेच उभी होती. मी तिच्या पायाजवळ पडलेलो होतो.

काही दिवसांनी मुंजाजींनी मला जवळा बाजारला रतनसिंग मिस्त्रीकडे नेलं. रतनसिंग लुना आणि फवारणीचे पंप दुरुस्त करत. त्यांनी मला उघडलं, पिस्टनवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "तेल न्हवतं का टाकलं, काका?"

मुंजाजींनी वाकून पिस्टनवर स्वतःचं बोट फिरवलं. मग म्हणाले, "ते ती करायची."

रतनसिंग समजले. त्यांनी चहा मागवला. पिस्टन आणि त्याच्याभोवतीचं नळकांडं दोन्ही बदलावं लागेल, पण त्यासाठी यंत्र कोणत्या कंपनीचं, कोणत्या नंबरचं ते कळायला हवं, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग दोघांनी मला रॉकेलनं धुतलं आणि अंगावर कुठे काही अक्षर सापडतं का ते पाहू लागले. चिकटपट्टीच्या जागी नुसता डाग होता. शेवटी एका छोट्या भागावर धातूत उमटवलेला नंबर मिळाला. मुंजाजींचा चेहरा तेव्हा जरा उजळला. धम्मानंदनं तो नंबर उतरवून हैदराबादला जाणाऱ्या एका ओळखीच्या ट्रकवाल्याकडे दिला. या नंबरचं सामान आण, एवढाच निरोप होता.

वाट पाहण्यात हिवाळा गेला. संध्याला मुलगी झाली. उन्हाळ्यात गवत वाळल्यावर संध्या लेकराला घेऊन स्मशानभूमीत जाऊन आली. तिथे काळी माती आणि शेळ्यांच्या लेंड्या होत्या. ती परत आली तेव्हा मुंजाजी उन्हात बसले होते. हातात काचेची बाटली होती आणि ते रंग पाहत होते. तेल कमी वाटलं म्हणून त्यांनी आणखी सोडलं, मग जास्त वाटलं म्हणून पेट्रोल ओतलं. त्यांनी संध्याला सांगितलं, "तुझं राहिलं ते राहिलं. पण मिस्त्रीनं हे चालू करून दिलं तर पाऊस पडल्यावर ती वाट पुरी करतो. पुढं कोणाच्या लेकीचं राहू नये."

पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर हैदराबादहून खोकं आलं. मुंजाजी मला सायकलला बांधून घेऊन गेले. रतनसिंगांनी खोकं उघडलं. आत नवाकोरा कार्बोरेटर होता.

तो नंबर माझा नव्हताच. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा एकत्र करून इंजिनात सोडणारा भाग. तो वेगळ्या कारखान्यात तयार होतो, त्यावर त्या कारखान्याचा नंबर असतो, आणि तोच नंबर आम्ही पाठवला होता. ज्याचा नंबर पाठवला तेच बरोबर आलं होतं. रतनसिंगांनी जुना आणि नवा शेजारी ठेवून पाहिला. माझ्यात शाबूत राहिलेला भाग तेवढाच होता.

"यात धम्मानंदची चूक न्हाई अन् तुमची बी न्हाई," रतनसिंग म्हणाले. त्यांनी फवारणीच्या पंपाचा पिस्टन घासून माझ्यात बसवून पाहिला. दोरी ओढली तर ती ढिली आली, आत दाबच तयार होत नव्हता. शेवटी त्यांनी हात पुसले. "काका, याची जात कळत न्हाई तोवर मी काय करू? अन् आता हे कोणी बनवीत बी नसंल."

मुंजाजींनी मला सायकलला बांधलं आणि घरी आणलं.

पाऊस पडला. मुंजाजी विळा घेऊन वाटेवर गेले. त्यांचे गुडघे वाकत नाहीत. आज थोडं, उद्या थोडं असं ते पाय लांब करून जमिनीवर बसून कापत पुढे सरकत होते. मी थांबलो होतो त्या जागेच्या थोडे पुढे ते पोचले, तोवर पुलाजवळचं गवत परत पोटरीपर्यंत आलं होतं. त्याच आठवड्यात वस्तीतल्या मिराबाई वारल्या. विळा हातात घेऊन मुंजाजी कडेला उभे राहिले. तिरडी त्यांच्यासमोरून पुढच्या गवतात गेली. मिराबाईंची लेक पुलावरूनच मागे फिरली.

पद्माबाईंचं वर्ष झालं तेव्हा विहारात वंदना झाली, माणसं जेवून गेली. संध्या भांडी आवरत होती. मुंजाजी कोनाड्यातली तेलाची बाटली घेऊन तिच्याजवळ आले.

"हे किती टाकायचं ते तुला तरी सांगितलं व्हतं का मायनं?"

संध्यानं हात थांबवले. "न्हाई, बाबा. मी कधी इचारलंच न्हाई."

"मी बी न्हाई," मुंजाजी म्हणाले आणि उंबऱ्यावर बसले.

मित्रांनो, मला आता शेळ्यांच्या गोठ्यात खुंटीला टांगलं आहे. मी दुरुस्त होणार नाही, आणि मला वापरा असं सांगायला मी बोलत नाही. तुमच्याही घरात कोणीतरी एखादं काम न बोलता करत असेल. पाण्याची मोटार कोणाला तरी ऐकून कळत असेल, औषधाच्या वेळा कोणाच्या तरी डोक्यात असतील. ते काम बिनबोभाट होतं, म्हणून तुम्ही तिकडे पाहत नाही. आज घरी गेल्यावर त्या माणसाजवळ थोडं बसा. हे कसं करता, असं विचारा. ते म्हणतील, तुला काय करायचं आहे. तरी उठू नका.