सोळा दातांची दातखीळ

गुडघे टेकल्याशिवाय मी कुणाला दिसत नाही. भलेभले माझ्यापुढे वाकतात आणि ते मला आवडतं. नम्रतेचं सोंग मी आणणार नाही. गाडीच्या स्टिअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, काळ्या प्लॅस्टिकची एक खोबण असते ना, ती मी. मेकॅनिक मला पोर्ट म्हणतात. म्हणेनात का. दोन ओळींत सोळा दातांची जागा आहे माझ्या तोंडात. त्यातले काही मुळात आलेच नाहीत, पण जे आले ते कामाचे आहेत.

काम काय, तर गाडीला कुठे दुखतंय ते सांगायचं. इंजिनाचा संगणक दिवसभर कुरकुरत असतो. हे गरम झालं, ते अडकलं, अमक्याने निरोपाला उत्तर दिलं नाही. ही सगळी कुरकुर तारांमधून माझ्यापर्यंत येते. गॅरेजवाला त्याच्या स्कॅनरची वायर माझ्या तोंडात खुपसतो आणि मी घडाघडा बोलून मोकळी होते. पोटात एक आणि ओठांवर एक, हा उद्योग माणसांचा.

मला गाडीत बसवलं ते कारखान्यातल्या एका बाईने. टक् असा आवाज झाला. तिने मला ओढून पाहिलं, मी हलले नाही, ती पुढच्या गाडीकडे गेली. शाबासकी वगैरे काही नाही.

पहिला मालक व्यापारी होता आणि महासंशयी होता. आपला ड्रायव्हर गाडी घेऊन कुठे कुठे फिरतो ते कळावं म्हणून त्याने एक चहाडखोर डबी माझ्यात खोचून ठेवली. दाढ ठणकावी तशी ती मला ठणकायची. ड्रायव्हर बिचारा दुपारी जेवायला घरी जायचा, बाकी कुठे नाही. हे कळल्यावर मालकाला आनंद व्हायला हवा होता, तर त्याचं तोंडच उतरलं! डबी उपटताना माझं झाकण तुटलं ते तुटलंच. तेव्हापासून मी उघड्या तोंडाची.

मग गाडी एका बाईकडे आली. बाई लोकांच्या घरचे पडदे शिवते. मागच्या सीटवर कापडाचे तागे, डॅशबोर्डवर मोजायची टेप, आणि माझ्याखाली, पायाशी टाचण्यांचा सडा. शेजारच्या सीटवर तिचा थोरला भाऊ. हा दादा आयुष्यभर बसचा कंडक्टर होता. "पुढे सरका, पुढे रस्ता आहे!" असं ओरडून ओरडून त्याचा घसा कायमचा खरखरीत झालेला. निवृत्त झाला आणि वर्षभरात दोन्ही मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा बहीण त्याला घाट ओलांडून पलीकडच्या इस्पितळात डायलिसिसला न्यायची. तो गाडीत बसला की डॅशबोर्डवर दोनदा थाप मारायचा, टक टक, म्हणजे चला. जुनी सवय. ती म्हणायची, "दादा, ही बस नाही." तो म्हणायचा, "ठके, ड्रायव्हरने बोलायचं नसतं." पन्नाशी उलटलेल्या बाईला ठकी म्हणणारा जगात तो एकटाच.

डायलिसिसनंतर त्याला हुडहुडी भरायची. दात वाजायचे. म्हणून तिने विजेवर तापणारं एक पांघरूण आणलं. डॅशबोर्डवरच्या सिगारेट-लायटरच्या भोकात त्याची वायर लावायची की ते ऊबदार व्हायचं. त्या वायरीवरून रोजचं भांडण. "दादा, वायर आत घे, दारात चेंगरेल!" "कळतं मला. मी हजार माणसांची बस सांभाळली आहे." "एकाच वेळी?"

आणि एक दिवस वायर चेंगरलीच. त्याने धाडकन दार ओढलं, आत ठिणगी उडाली, फ्यूज गेला. बहीण तेव्हा औषधं घ्यायला दुकानात होती. त्याने वायरीचं चेपलेलं टोक हळूच पांघरुणाखाली सारलं. ती परत आली, त्याच्या खांद्यावरून पांघरूण सारखं केलं आणि विचारलं, "ऊब येतेय ना?"

"मस्त," तो म्हणाला. दात आवळून.

आता ऐका माझी गोष्ट. लायटरचा आणि माझा फ्यूज एकच. त्याच्या पांघरुणाची ऊब गेली त्या क्षणी माझी वाचा गेली. तारांमधून कुरकुर ऐकू येत होती, पण स्कॅनरला जागं करायला लागते ती वीज माझ्या दातांत उरली नव्हती. चांगली दातखीळ बसली. मी आणि दादा, एकमेकांपासून हातभर अंतरावर, दोघेही गप्प. तो कुडकुडत असायचा आणि मी धुमसत.

अशात इंजिनाचा नवा निरोप आला. रेडिएटरचा पंखा फिरत नाही. पुढ्यात पिवळा दिवा लागला. सपाट रस्त्यावर वारा लागतो, तेवढ्यावर निभतं. पण घाटात, चढावर, ट्रकच्या मागे रांगताना इंजिन उकळून गाडी मध्येच थांबली असती, आणि इस्पितळाची पाळी चुकली तर दादाच्या अंगात विष साठतं. हे सगळं माझ्या तोंडात होतं आणि बाहेर पडत नव्हतं. तुम्हाला कधी ओरडावंसं वाटलंय आणि आवाजच फुटला नाही, असं झालंय? तसं, सकाळ-संध्याकाळ.

दिवा पाहून बहीण दुसऱ्याच दिवशी गॅरेजात आली. दादा स्टुलावर बसला. मेकॅनिक गुडघ्यांवर आला, चष्मा कपाळावर सारला आणि स्कॅनर माझ्यात घातला. स्क्रीन काळाच. त्याने वायर काढून पुन्हा घातली. हलवली. फुंकर मारली, जणू मी बासरीच.

"स्कॅनर गेला वाटतं," तो पुटपुटला आणि बाजूच्या गाडीला लावून पाहिला. तिथे झक्कन लागला. तो परत माझ्याकडे आला, बॅटरीच्या उजेडात दात तपासले. डबीने सैल केलेला एक दात दिसला, तो चिमट्याने आवळला. माझा जीव वरखाली. त्याचा नाही रे बाबा दोष! माझी वीज बघ!

त्याने मीटरची टोकं लावली आणि मान हलवली. "करंट येत नाही इथे. ताई, लायटर चालतो का तुमचा?"

शहाणा माणूस! बरोबर प्रश्न. माझ्या सगळ्या दातांत आशा चढली.

"चालतो की," बहीण म्हणाली. "रोज दादाचं पांघरूण त्यावरच असतं."

मेकॅनिकने फ्यूजच्या डब्याकडे नेलेला हात मागे घेतला. लायटर चालतो म्हटल्यावर तो फ्यूज कशाला बघायचा? मी दादाकडे पाहिलं. म्हणजे माझं तोंड त्याच्याच दिशेला होतं. तो बुटाच्या नाडीत गुंतला होता.

"मग आतली वायर तुटली असणार," मेकॅनिक म्हणाला. "डॅशबोर्ड उतरवावा लागेल. गाडी ठेवून जा. तीन-चार दिवस लागतील."

"उद्या डायलिसिस आहे."

"मग परवा आणा. दिवा लागला म्हणून काय लगेच गाडी बंद पडत नाही."

"तुम्ही लिहून देता का?"

"ताई, मी गॅरेजवाला आहे, ज्योतिषी नाही."

 तिने किल्ली हातात घेतली. "बघू. उद्या जाऊन येते, मग आणते. दादा, ऊठ."

दादा उठला, गाडीत बसला. तिने सवयीने पांघरूण त्याच्या गुडघ्यांवर घातलं, कडा खोचल्या. मी वाट पाहिली टक टकची. ती थाप पडली की गाडी निघणार, आणि उद्या घाट.

त्याने हात उचलला. डॅशबोर्डपर्यंत नेला. आणि तसाच खाली ठेवला.

"ठके," तो म्हणाला, "हे चालत नाही."

"काय चालत नाही?"

"पांघरूण. लायटर. कधीचं बंद आहे. दारात वायर चेंगरली माझ्याकडून."

तिने पांघरुणावर हात ठेवून पाहिला. गारच. "रोज विचारते तुला! मस्त म्हणतोस!"

"तू ओरडली असतीस."

"मग ओरडू दे ना! ओरडून मी मरणार आहे का? कुडकुडत बसलास माझ्या शेजारी आणि मी खिडकी उघडी ठेवत होते, दादा. तुला मोकळी हवा हवी म्हणून!"  मेकॅनिकने आपली नजर पान्यांच्या रांगेवर ठेवली.

मग तोच पुढे आला. पांघरुणाची वायर हातावर घेतली, चेपलेल्या जागी तांबं उघडं पडलेलं दाखवलं आणि ती आधी बाजूला काढून ठेवली. फ्यूजच्या डब्यातून लायटरचा फ्यूज उपटून उजेडात धरला. आतली तार जळालेली. नवा फ्यूज बसला आणि माझ्या तोंडात गरम घोट उतरावा तशी वीज उतरली.

स्कॅनर उजळला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"पंखा!" मेकॅनिक म्हणाला. त्याने एसी लावला आणि वाकून पाहिलं. पंखा ढिम्म. "उद्या घाटात गेला असतात तर रस्त्यावर उभे राहिला असतात तुम्ही." पंख्याला वीज सोडणारा बटणासारखा ठोकळा, रिले, जळाला होता. तो बदलला, आणि पुढून असा काही घोंगावण्याचा आवाज आला की मी तो अजून विसरलेले नाही. बहिणीने दादाकडे एकदा पाहिलं. तो म्हणाला, "बघ, सांगितलं म्हणून वाचलो." ती म्हणाली, "गप्प बस." तो म्हणाला, "आता नाही बसणार."

आणि नाही बसला. आता घाट उतरताना दादाची यादी चालू असते. पाय दुखतो, सुई आज वाईट टोचली, थंडी वाजतेय, जरा वाढव ना ती ऊब. ती करवादते, "अरे, ऐकतेय, ऐकतेय," आणि पांघरुणाचं बटण पुढे सरकवते. नवी वायर तिने पडद्याच्या कापडाच्या नळीत शिवून टाकली आहे, दाराकडे जाऊच नये म्हणून.

मी म्हातारी झालेय. झाकण नाही, धूळ आत येते, एक दात अजूनही हलतो. पुन्हा कधी दातखीळ बसेल, सांगता येत नाही, आणि ती धास्ती जात नाही. म्हणून आजच सांगून ठेवते. मी गप्प झाले तर माझ्यावर हातोडी घेऊन धावू नका, डॅशबोर्ड फाडू नका. आधी लायटर बघा. आणि लायटर चालतो का, हे शेजारी बसलेल्याला दोनदा विचारा. पहिल्यांदा तो मस्तच म्हणेल.