भिंतीवरून दिलेलं ताक

नाचणगावात आमच्या गल्लीत ताक म्हटलं की अनुसयाबाईंचं. अनुसयाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सकाळी चहाची भांडी विसळून होत नाहीत तोच दारात गंज आणि लोटे घेऊन शेजारपाजारची माणसं हजर. दूध विकावं, तूप विकावं, ताक मात्र मागेल त्याला द्यावं, हा आईंचा कायदा. मी कारंजा घाडग्याची, हायवेवरच्या गावची. आमच्याकडे कोणी कोणाला फुकट पाणी पाजत नाही. त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा हा दानधर्म पाहून माझा जीव तुटायचा.

आईंचं ताक कधीच आंबटढाण नसायचं. बायका खोदून खोदून विचारायच्या आणि आई नुसत्या हसायच्या. गुपित मला घरात राहून कळलं. ताक घुसळून लोणी काढलं की आई त्यात चांदीचं निरसं दूध ओतायच्या, न तापवलेलं, धारेच्या फेसासकट. चांदी आमची गाय. त्या दुधानं ताकाचा आंबटपणा मोडायचा.

त्याच ताकावर माझंही दुकान चालायचं. आईंच्या स्वयंपाकघरात अंड्याला बंदी आणि मला केकचं वेड. मग ताकात खायचा सोडा घालून मी मैद्याचा, रव्याचा, एकदा तर ज्वारीच्या पिठाचाही केक फुगवून दाखवला. पुलगावहून वाढदिवसाच्या ऑर्डरी येऊ लागल्या. प्रफुल, माझा नवरा, आधी "कढीचा केक" म्हणून चिडवायचा. मग तोच गाडीवर डबे पोचवायला लागला.

पोळा झाला आणि चांदीनं चारा सोडला. तोंडातून लाळ गळायची, आवाज बसला होता, तरी सारखी हंबरायची. घशात काही अडकलं असेल म्हणून प्रफुलनं कोपरापर्यंत हात घालून पाहिलं. काही नव्हतं. जनावरांचे डॉक्टर आले ते गोठ्याच्या दारातच थांबले.

"हिला कुत्रं चावलं होतं का?" त्यांनी विचारलं.

चावलं होतं. नाल्याजवळ चरताना. नाकपुडीजवळ ओरखडा होता, आईंनी हळद भरली आणि आम्ही विसरून गेलो.

"लक्षणं पिसाळल्याचीच आहेत," डॉक्टर म्हणाले. "ज्यानं तोंडात हात घातला त्यानं आजच्या आज पुलगावला जाऊन टोचून घ्या. दूध तापवून घेतलं असेल तर भीती नाही. निरसं कोणाच्या पोटात गेलं असेल तर धोका कमी आहे, पण त्यानंही टोचून घेतलेलं बरं. हा रोग एकदा अंगात उठला की त्यावर औषध नाही."

आई गोठ्याच्या उंबऱ्यावर बसल्या. "ताकात तं मी रोजच टाकत होते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चांदी गेली. खोल खड्डा करून तिला पुरलं. घरच्या गायीसाठी माणूस रडतं, पण आम्हाला रडायची सवड नव्हती, कारण घरात वाद पेटला होता.

"आपण टोचून घेतलं नं? बस झालं," प्रफुल म्हणाला. "डॉक्टरच म्हणते धोका कमी हाय. गल्लीत सांगशीन तं उद्यापासून आपल्या घरचं पाणी कोणी पेणार नाई. अन् हिच्या केकचं का होईन?"

केक भाजून निघतो, त्याला काही धोका नव्हता. पण हे गिऱ्हाइकाला कोण समजावणार? मला प्रफुलचा राग आला. माझ्या मनातही नेमकं तेच चाललं होतं, म्हणून जास्तच आला.

आईंनी दोघांकडे पाहिलंही नाही. पायात चपला सरकवल्या आणि निघाल्या. ज्या ज्या घरी ताक जायचं त्या त्या घरी गेल्या. "माह्या हातून चूक झाली. निरसं दूध होतं त्यात. पोराबाळाइले घेऊन आजच पुलगावले जा." कोणी घाबरून लगेच ऑटो बोलावला. एकीनं आमच्याकडून आणलेला लोटा दारातच आपटला. आई सगळं ऐकून घेत होत्या.

परत आल्यावर त्या परसातल्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. "आता हे राह्यलं," म्हणाल्या.

भिंतीपलीकडे आनंदाबाई राहतात. आईंची धाकटी जाऊ, माझ्या चुलतसासूबाई. वाटण्या झाल्या तेव्हा विहीर त्यांच्याकडे गेली आणि गाय आमच्याकडे आली. ती गाय म्हणजे चांदीची माय. आनंदाबाईंनी तिला वासरू असल्यापासून बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. आईंनी तेव्हा गाय सोडायला हवी होती असं मला वाटतं, पण सोडली नाही. गाय दावं सोडून आमच्या गोठ्यात आणली तेव्हा आनंदाबाई भर गल्लीत म्हणाल्या होत्या, "या गाईच्या वंशातल्या दुधाचा थेंब माह्या तोंडाले लागला तं मी आनंदाबाई नाई." त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं बंद. देवळातल्या भजनी मंडळात दोघी जात, पण एक या खांबाला आणि दुसरी त्या खांबाला.

ही शपथ सगळ्या गल्लीला पाठ होती. आणि तरी गेल्या काही महिन्यांपासून आमच्या भिंतीवरून रोज दुपारी एक गंज ताक पलीकडे जात होतं. आनंदाबाईंच्या सुनेला, सुरभीला. तिला दिवस गेले होते. पहिल्यांदा तिनंच भिंतीवरून हळूच विचारलं, "मोठ्याआई, ताक हाय का?" गरोदर पोरीला नाही कसं म्हणणार? आई तर तिच्यासाठी दूध जरा जास्तच ओतायच्या.

मी भिंतीपाशी जाऊन सुरभीला हाक मारली आणि सगळं सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"घरी का सांगू?" ती म्हणाली.

"तपासणीले चालली म्हणून सांग. मी येते सोबत."

सकाळी आम्ही दोघी पुलगावच्या सरकारी दवाखान्यात गेलो. सिस्टरनं विचारलं, "किती दिवस प्यायलं?" आणि सुरभी एकदम रडायलाच लागली. मी तिला बाजूला घेतलं. पोटातल्या बाळाला काही होत नाही, डॉक्टरांना विचारलंय, असं समजावत होते, तर तिनं माझा हात घट्ट धरला.

"ज्योत्स्नाताई, मी एक घोटबी पेली नाई. मले त्या वासानंच उलटी येते. आई पेतात."

मला आधी कळेचना. तिच्या आई म्हणजे आनंदाबाई!

"रात्री भाकरीसोबत मी गंज त्याइच्या ताटाजवळ ठेवते. त्या विचारत नाई, मी सांगत नाई. एकदा फक्त म्हणाल्या, याची चव माह्या ओळखीची हाय. मंग पदरानं डोळे पुसले अन् सगळं पेल्या. तवापासून रिकामा गंज त्याच रोज घासून माह्या हातात देतात. म्हणून मी मांगत राह्यली."

"मग काल त्याइले सांगितलं का?"

"सांगितलं नं. म्हटलं आई, तुमीबी चाला. तं माह्यावरच उखडल्या. म्हणे, मी कायले येऊ? त्या गाईचा थेंब माह्या तोंडाले लागला नाई."

मी घरी येऊन आईंना सांगितलं. त्या तशाच उठल्या. मग पदर सारखा केला आणि आनंदाबाईंच्या पुढच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या दारात त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. मी मागे होते.

आनंदाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. आतल्या दिशेनं बोलल्या, "सुरभी, याइले सांग, आपल्या घरी याइचं ताक कोणी पेत नाई."

"आनंदे," आई म्हणाल्या, "मले काय बोलाचं ते बोल. वाटलं तं तोंडात मार. पण टोचून घे."

"सुरभी, दार लाव."

सुरभी जागची हलली नाही. शेवटी आनंदाबाईंनीच उठून आमच्या तोंडावर दार लावलं.

त्या रात्री आई जेवल्या नाहीत. "तिले मी ओळखते," त्या म्हणाल्या. "मरीन, पण येणार नाई. सगळी गल्ली त्या दवाखान्यात उभी हाय. तिथं ती रांगेत दिसली की शपथ मोडल्याचं सगळ्याइले दिसते." मी म्हटलं, धोका कमी आहे म्हणाले डॉक्टर. आई म्हणाल्या, "कमी म्हणजे हाय नं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात भजन होतं. मला वाटलं आई जाणार नाहीत, पण गेल्या. मलाही चल म्हणाल्या. बायका त्यांच्यापासून सरकून बसल्या. आनंदाबाई त्यांच्या नेहमीच्या खांबापाशी होत्या. आरतीच्या आधी आई उभ्या राहिल्या.

"बायांनो, अजून एक सांगायचं राह्यलं. एकादशीले इथं मठ्ठा वाटला, तो सगळ्याइनं पेला. तो पुरत नव्हता म्हणून मी त्यात माह्या घरचं ताक ओतलं. कोणाले सांगितलं नाई. तुमी सगळ्याजणी उद्या टोचून घ्या."

मी ताडकन मान वर केली. साफ खोटं होतं ते! एकादशीला आमच्या घरी ताकाचा थेंब उरला नव्हता, वाटून राहिलेलं सगळं माझ्या दोन मोठ्या केकना लागलं होतं. मठ्ठा अन्नपूर्णाबाईंनी केला होता, पाकिटातल्या दह्याचा. मंडळाच्या त्या प्रमुख. मी तोंड उघडणार तोच आईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. आणि मग लख्ख कळलं. तो मठ्ठा आनंदाबाईंनीही सगळ्यांसमोर प्यायला होता. आता त्या रांगेत उभ्या राहिल्या तरी शपथ त्यांनी मोडली असं कोणी म्हणणार नव्हतं.

देवळात एकच गलका झाला. अन्नपूर्णाबाईंनी आईंच्या हातातले टाळ काढून घेतले. "देवाच्या दारात असं? पुन्हा इथं पाय ठेवजो नको," त्या म्हणाल्या. आईंनी मान खाली घातली. इतकी वर्षं जिच्या हातचं सगळी गल्ली प्यायली, तिच्याकडे बायका विषाकडे पाहावं तशा पाहत होत्या. मला ओरडून खरं सांगावंसं वाटत होतं. आनंदाबाई मात्र आपल्या खांबापासून हलल्या नाहीत. आईंकडे बघत राहिल्या नुसत्या.

सकाळी दवाखान्यात सगळं भजनी मंडळ लोटलं. बिचाऱ्यांना उगाच टोचून घ्यावं लागत होतं, आणि हसू येण्यासारखी गोष्ट असूनही मला हसू येत नव्हतं. सगळ्यात शेवटी आनंदाबाई आल्या. आल्या त्या तोंड सोडूनच. "हिनं माही शपथ मोडली! चोरून पाजलं मले! हिचं कधी भलं होणार नाई!" दंडात सुई जाईपर्यंत थांबल्या नाहीत. आई बाकावर बसून ऐकत होत्या. आनंदाबाई निघून गेल्यावर त्यांनी सिस्टरला फक्त एवढंच विचारलं, "झालं नं तिचं?"

"हा पहिलाच डोस," सिस्टर म्हणाली. "तीन दिवसांनी परत यायचं. आणि त्यानंतरही. एक जरी चुकला तरी उपयोग नाही."

आणि तिथंच घोटाळा झाला. अन्नपूर्णाबाई काही दुधखुळ्या नाहीत. घरी जाऊन त्यांनी आठवून पाहिलं, तर एकादशीला त्या मठ्ठ्याच्या पातेल्यापासून हललेल्याच नव्हत्या. कोणी कधी ताक ओतलं? दोन दिवसांत गल्लीभर झालं की अनुसयाबाईंनी थाप मारली, गाय गेल्यापासून त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. अन्नपूर्णाबाईंनी दवाखान्यात विचारून मंडळाच्या बायकांची पुढची सुई रद्द करून घेतली. आनंदाबाईंनीही हे ऐकलं असणारच. त्यांना आडोसा उरला नाही.

आनंदाबाईंच्या दुसऱ्या डोसाच्या दिवशी आई दवाखाना उघडायच्या आधी जाऊन बाकावर बसल्या. आमचा तिसरा डोस टोचून झाला. गल्लीतली ताक नेणारी घरं येऊन गेली. मंडळातलं कोणी आलं नाही. प्रफुल गाडी घेऊन आला, चला म्हणाला. आई उठल्या नाहीत. दुपार व्हायला आली, सिस्टरनं टेबल आवरायला घेतलं. आईंची नजर फाटकावरून हलत नव्हती. मला त्यांच्याकडे बघवेना.

फाटकातून आनंदाबाई आल्या. सोबत कोणी नाही, सुरभीसुद्धा नाही. सगळ्या दवाखान्यासमोरून सरळ चालत टेबलापाशी गेल्या. सिस्टरनं कागद काढला आणि विचारलं, "मठ्ठ्याचं का, आजी? त्यांना आता नको सांगितलंय."

"मठ्ठ्याचं नोय," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "ताकाचं. रोज पेत होते मी."

टोचून झाल्यावर त्या दंड चोळत बाकाजवळ आल्या आणि आईंसमोर उभ्या राहिल्या. पुन्हा शिव्या सुरू होणार म्हणून मी पुढे झाले.

"सरक तिकडे," आनंदाबाई आईंना म्हणाल्या. "पाय दुखून राह्यले."

आईंनी पदर गोळा केला आणि सरकून जागा दिली. मला हुंदकाच फुटला. सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढं काय रडता, मघाशीच तर टोचलं!"