रिकाम्या टेबलाचा फोटो

रविवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर सगळ्यांचे फोटो येऊन गेले, धीरजचा तेवढा आला नाही.

दिल्ली आणि आसपास राहणाऱ्या, कॅमेऱ्याचं वेड असलेल्या मराठी माणसांचा हा ग्रुप. दर रविवारी प्रत्येकानं एक फोटो टाकायचा, आणि तो त्याच आठवड्यात काढलेला हवा, हा एकच नियम. क्षिप्रा गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरी करायची आणि फ्लॅटच्या बाल्कनीतून दिसेल ते टिपायची. धीरज सेलूहून यूपीएससीसाठी आलेला, राजेंद्रनगरच्या खोलीत राहणारा मुलगा. त्याचा फोटो रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा.

"धीरज, फोटो?" असं ग्रुपमधल्या दिलीपकाकांनी दुपारी विचारलं होतं. काकांनी संध्याकाळी पुन्हा विचारलं.

क्षिप्रानं त्याला मेसेज केला. एकच टिक आली. फोन लावला तर बंद. मग तिनं त्याचा मागच्या रविवारचा फोटो उघडला. त्याच्या खोलीतलं टेबल आणि त्यावर खिडकीतून पडलेलं तिरपं ऊन. "काय लाइट पकडलाय यार!" असं पाच-सहा जणांनी लिहिलं होतं. तिनंही अंगठा दिला होता.

आता तिला दुसरंच काहीतरी दिसलं. याआधी त्या टेबलाच्या प्रत्येक फोटोत पुस्तकांची चळत असायची. या फोटोत टेबल रिकामं होतं.

"यतीन, याची पुस्तकं कुठे गेली असतील?" तिनं नवऱ्यासमोर फोन धरला.

"विकली असतील."

"तेच तर. मेन्सचा निकाल लागलाय. त्याचा शेवटचा अटेम्प्ट होता."

यतीन टीव्हीकडेच बघत होता. "तू भेटलीयस त्याला कितीदा?"

"एकदा. कस्तुरबा गांधी मार्गावर सगळे जमलो होतो तेव्हा."

"मग? त्याचे मित्र असतील ना बघायला."

ती स्वयंपाकघरात गेली. पण स्वयंपाक करताना दोनदा गॅस बंद करून तिनं फोन पाहिला. टिक एकच होती.

सोमवारी ती ऑफिसला म्हणून निघाली आणि मेट्रोत बसल्यावर सुट्टीचा मेल टाकला. त्यानं एकदा ग्रुपवर टाकलेल्या पत्त्यावरून राजेंद्रनगरची गल्ली विचारत विचारत सापडली. तिसऱ्या मजल्यावर दामूनं दार उघडलं. धीरजचा हा रूममेट लुंगीवरच होता. अनोळखी बाई दारात बघून तो गडबडला.

"धीरज आहे?"

"तो गेला की, ताई."

क्षिप्रानं जिन्याचा कठडा धरला. "गेला म्हणजे?"

"पानिपतला गेला," दामू घाईघाईनं म्हणाला. "आमच्यात पेपर बिघडला की म्हणतात, पानिपत झालं. हा खराच गेला. तिथं ब्लँकेटवाल्याकडं काम धरलंय. जुनं सिमही काढून टाकलं."

"नवा नंबर?"

"कुणाला देऊ नको म्हणलाय." दामूनं तिच्याकडे पाहिलं. ती अजून कठडा सोडत नव्हती. "नंबर नाही देत. गोडाऊनचा पत्ता देतो. त्याबद्दल काही बोलला नाही तो."

धीरज सुखरूप होता. तिनं परत फिरायला हरकत नव्हती. गाडी बदलायच्या स्टेशनवर ती गुरुग्रामच्या फलाटावर उभीही राहिली. एक गाडी गेली, दुसरी गेली. मग ती जिना चढून पलीकडच्या फलाटावर गेली, कश्मीरी गेटला उतरली आणि पानिपतच्या बसमध्ये चढली. आपण हे काय करतोय, ते तिला सांगता आलं नसतं. वाटेत बॉसचा फोन आला, तो तिनं उचलला नाही.

गोडाऊनमध्ये छतापर्यंत गठ्ठे रचले होते. एका कोपऱ्यात पांढरा पडदा, दोन दिवे, आणि पडद्यासमोर गुलाबांची नक्षी असलेलं भलंमोठं ब्लँकेट दांडीवर नीट करणारा धीरज. वळला आणि तिला बघून जागीच थांबला.

"क्षिप्राताई? तुम्ही कशाला आलात?"

"फोटोत तुझी पुस्तकं दिसली नाहीत."

तो चिडून म्हणाला, "तेव्हा कुणाला दिसलं नाही. सगळ्यांना लाइट दिसला."

"मलाही उशिराच दिसलं. फोटो का नाही टाकलास?"

"कशाचा टाकू? दिवसभर हेच काढतो, ऑनलाइन विकायला. दिलीपकाका आमच्या सेलूचे आहेत. माझा प्रत्येक फोटो ते आबांना, माझ्या वडिलांना पाठवतात. आबा दर रविवारी वाट बघत बसतात. त्यांना काय दाखवू, गुलाबाची ब्लँकेटं?"

"जुना एखादा टाकायचास."

"नियम आहे ना, त्याच आठवड्यातला हवा म्हणून," तो म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती.

"निकालानंतर घरी फोन केलास?"

"नाही."

"नवा नंबर?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. तोही घरी दिला नव्हता.

"धीरज, काल आबांकडेही फोटो गेला नाही. आणि तुझा फोन बंद आहे. मी तुझी कोण? तरी मला घरी बसवेना. त्यांचं काय झालं असेल?"

त्याचा चेहरा उतरला. हातातली चिमट्यांची पिशवी खाली ठेवून तो एका गठ्ठ्यावर टेकला आणि त्यानं नंबर लावला. पहिल्याच रिंगला तिकडून आवाज आला, तो क्षिप्रालाही ऐकू गेला.

"कोण? धीरज? कुठंयस तू?"

"पानिपतला, आबा. नोकरी लागलीय. फोटो काढायची."

"आणि परीक्षा?"

"झालं आबा. संपलं ते."

पलीकडून फोन कट झाला. धीरजनं पुन्हा लावला. उचलला नाही. पुन्हा लावला.

"अरे फोटोवाले, आज के आज चाहिए!" मालक बाहेरून ओरडला. धीरज उठला. दांडीवरून ब्लँकेटचं एक टोक घसरलं होतं. क्षिप्रानं पर्स खाली ठेवली आणि ते वर धरलं. दोघं काम करत राहिले. गुलाबाचं झालं, मोराचं झालं. मध्येच तो थांबायचा आणि फोन बघायचा. तीही बघायची.

चार वाजता ती निघाली. त्यानं तिला नवा नंबर दिला आणि बसपर्यंत सोडायला आला. "राग नाही ना आला, मी मघाशी बोललो त्याचा?" त्यानं विचारलं. "आला," ती म्हणाली, "पण थोडाच."

बस सोनीपतच्या पुढे आली तेव्हा त्याचा मेसेज आला. "आबांचा फोन आला होता. खूप बोलले. उद्याच्या गाडीनं येतायत."

तिनं तो दोनदा वाचला आणि यतीनला फोन लावला.

"मिळाला?" त्यानं एकदम विचारलं. म्हणजे ती ऑफिसला गेली नाही, हे त्यानं ओळखलं होतं.

"मिळाला. वडील येतायत त्याचे. फार चिडलेत."

"मग हे बरं झालं की वाईट?"

"मला नाही माहीत," क्षिप्रा म्हणाली. "पण येतायत."