कोपऱ्यातले टोपडे

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे. शाळेतल्या फळ्याला निदान मे महिन्याची सुट्टी असते, मला तीही मिळाली नाही. मी पिंपरी स्टेशनाजवळच्या एका सायकल दुकानाचा फळा. आता थकलो आहे, तेव्हा बसल्या बसल्या चार शब्द सांगतो.

जन्माने मी खोके. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता, तेव्हा देवदारी खोक्यांतून यंत्रे आली. यंत्रे आत गेली आणि खोकी बाहेर पडली. कोंडाजी सुताराने माझ्या तीन फळ्या जोडल्या, रंधा मारला आणि मला नूरमोहम्मदच्या दुकानाच्या दाराशी टांगले. नूरमोहम्मदची बायको रहमतबी दर पंधरवड्याला कोळशाची पूड आणि माक्याचा पाला माझ्या अंगावर घासायची. मी काळा कुळकुळीत दिसायचो. खरे सांगतो, तेव्हा मला स्वतःचा गर्व होता.

नूरमोहम्मद मराठी सातवी पास. अक्षर टपोरे. त्याला नाद एकच, सिनेमाचा. शुक्रवारी त्याचे दुकान बंद असे, आणि नवा सिनेमाही शुक्रवारीच लागे. दुपारची नमाज झाली की हा गडी गाडी पकडून पुण्याला जाई आणि शनिवारी सकाळी माझ्यावर खडूने आपले मत लिही. दोन ओळी, फार तर तीन. कारखान्याच्या लोकांना रविवारची सुट्टी, त्यामुळे शनिवारी पाळी सुटली की माझ्यापुढे सायकलींची गर्दी व्हायची.

त्याची मते ऐका. 'गाणी झकास. मधे मधे गोष्ट येते, तेवढी सहन करा.' 'तलवारी पत्र्याच्या, पण घोडा उत्तम काम करतो.' 'सासू फार रडवते. इंटरवलनंतर गेलात तरी चालेल.' लोक हसत आणि त्याच्या शब्दावर पुण्याचे तिकीट काढत. मी मात्र कंटाळत चाललो होतो. दर आठवड्याला तोच गरीब नायक, तोच कोर्टातला खटला. लिहायचे, वाचायचे, ओल्या फडक्याने पुसायचे. नायक बदलत, माझे पुसणे काही चुकत नसे.

गर्दीत एक माणूस कधी हसत नसे. अर्जुनराव. साताऱ्याकडून नोकरीला आलेला, दुकानामागच्या चाळीत राहणारा. श्रावणात त्याची तीन वर्षांची मुलगी तापाने गेली. तेव्हापासून त्याची बायको शालनबाई खोलीबाहेर पडली नव्हती. पाण्यालाही शेजारणी जात. अर्जुनराव दर शनिवारी माझी ओळ न् ओळ वाची आणि नूरमोहम्मदला म्हणे, "नूरभाई, निस्ता हसवनारा एखादा आला तर सांगा. तिला एकदा घराभाईर काढायची हाय मला."

"आला की पैलं तुमाला सांगतो," नूरमोहम्मद म्हणे.

मग तो एक शुक्रवार आला. आठवडाभर सायकली दुरुस्त करून नूरमोहम्मदची कंबर मोडली होती. नमाज पढून आला, बाजेवर जरा टेकला आणि डोळा लागला तो दिवेलागणीलाच उघडला. गाडी गेली होती. शनिवारी लोक विचारू लागले. नवा सिनेमा बघून आलेले एक गिऱ्हाईक गाण्यांचे चोपडे दुकानात विसरून गेले होते. त्याच्या मुखपृष्ठावर एक गुबगुबीत मूल नायकाचे नाक ओढत खिदळत होते. नूरमोहम्मदने ते पाहिले, खडू उचलला आणि लिहिले, 'लेकराचा सिनेमा. हसून पोट दुखेल. घरच्यांना न्या.'

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला ओरडता आले नाही.

रविवारी अर्जुनराव शालनबाईला घेऊन माझ्यापुढूनच स्टेशनाकडे गेला. कितीतरी महिन्यांनी तिने वेणी घातली होती. संध्याकाळी दोघे परतले तेव्हा ती पुढे होती, तो मागे. तिने मागे वळून पाहिले नाही. त्या सिनेमातले लेकरू मध्यंतरानंतर तापानेच मरत होते.

सोमवारी अर्जुनराव आला. आता भांडण होणार असे मला वाटले. पण तो हळूच बोलला.

"नूरभाई, तुमी सोता बघितला व्हता का?"

नूरमोहम्मदच्या हातातला पाना खाली आला. "न्हाई."

"मग लिवलं कसं?"

"चोपड्यावरनं."

"मी तुमच्या शब्दावर तिला नेली वो," अर्जुनराव म्हणाला. "काल इंटरवलपतुर हसत व्हती ती. आता बोलत बी न्हाई."

एवढेच बोलून तो गेला. शिवी दिली असती तर बरे झाले असते. नूरमोहम्मदने मला पुसले आणि पुढचे चार शनिवार खडूला हात लावला नाही. विश्रांती हवी म्हणून मी नेहमी कुरकुर करायचो. ती मिळाली, पण गोड लागेना. लोक येत, माझे काळे तोंड बघत आणि निघून जात.

पाचव्या शनिवारी सकाळी शालनबाई स्वतः दुकानापुढे उभी राहिली. डोक्यावर पदर, काखेत रिकामी घागर. नूरमोहम्मद उठून उभा राहिला.

"लिवायचं का बंद केलंत?" तिने विचारले.

"माझी छाती होत न्हाई, वहिनी. मी लई मोठी चूक केली."

"केलीत खरी," ती म्हणाली. "माझं लेकरू दोनदा गेलं. पर म्हनून बंद करू नका. बघून लिवा. आन् सिनेमात लेकरू जात आसंल तर मला कळंल असं कायतरी काढा. मला वाचाया येत न्हाई."

नूरमोहम्मदने खडू उचलला. मग त्याने माझ्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानसे टोपडे काढले. अर्धगोल आणि खाली दोन बंद. "ही खूण, वहिनी. चालंल?"

तिने मान हलवली आणि पाण्याला गेली.

तेव्हापासून नूरमोहम्मद पडद्यावर 'समाप्त'ची पाटी येईपर्यंत थिएटरात बसे. पूर्वी गाडी गाठायला तो शेवट सोडून पळायचा, हे मला तेव्हा कळले. वाचता न येणाऱ्या कितीतरी बाया फक्त माझा कोपरा बघायला येत. टोपडे नसले तर पदर सावरून हसत निघून जात. शालनबाई दर शनिवारी येई. टोपडे असले की ती त्या रविवारी घरीच राही.

अशी दोन वर्षे गेली. एका शनिवारी कोपऱ्यात टोपडे होते. शालनबाई आली आणि थांबली.

"कसा हाय?"

"चांगला हाय वहिनी, लई चांगला. पर टोपडं हाय."

"दिसतंय मला," ती म्हणाली. "उद्या जानार हाय."

नूरमोहम्मदने त्या रविवारी एकही पंक्चर धड काढले नाही. सोमवारी सकाळी ती घागर घेऊन आली. डोळे सुजलेले होते, पण चेहरा निवळलेला होता. माझ्या कोपऱ्याकडे बघून ती म्हणाली, "बराबर काढलं व्हतं तुमी." आणि नळाकडे गेली. नूरमोहम्मद आत जाऊन तोंड धुऊन आला.

आता त्याचे गुडघे गेले आहेत. पुण्याच्या गाडीत चढवत नाही. लोक म्हणतात, "नूरभाई, ऐकून ऐकून लिवा की." तो हात जोडतो. म्हणून मी दारावरून उतरलो आणि पंक्चर तपासायच्या टाकीवर झाकण म्हणून पडून आहे. पाण्याने माझी एक फळी फुगली आहे. तक्रार नाही.

मित्रांनो, एकच मागणे आहे. तुमच्यापैकी कुणाला सिनेमाचा नाद असेल आणि त्याने मला पुन्हा दाराशी टांगले, तर शेवटपर्यंत बघून मग लिहा. माक्याचा पाला घासून मला हवे तितके काळे करा. फक्त खालच्या उजव्या कोपऱ्यात एक पांढुरका डाग आहे, तेवढा तसाच राहू द्या.