कॉफीच्या डब्याशेजारची पेटी

उस्ता मुर्सींचं गुणगुणणं कडव्याच्या मध्येच थांबलं, तेव्हाच मला खटकलं. करवत तर चालूच होती.

मी बोलतेय, इजिप्तमधल्या दुम्यात शहरातल्या त्यांच्या सुतारखान्यातली प्रथमोपचाराची पेटी. अंगावर लाल चंद्रकोर, बिजागरी सैल. कुठे जरा खुट्ट झालं की माझं झाकण खडखडतं. दचकणं माझ्या पत्र्यातच आहे. पण मी पळपुटी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ठोकून-वाकवून मला घडवलं तेव्हा वाटलं होतं, कुणाच्या तरी जिवाला उपयोगी पडू. इथे आले आणि माझ्यात खिळे भरले गेले. मग साखर. साखर संपल्यावर मुंग्या. फळीवर माझ्या शेजारी कॉफीचा डबा, पितळी आणि सगळ्यांचा लाडका. कुणाचं बोट कापलं की हात त्याच्याकडेच जायचा. चिमूटभर पूड जखमेवर दाबायची, उरलेली उकळत्या पाण्यात. बापजाद्यांची रीत. पुढे त्या जखमा पिकायच्या, ते मात्र कुणाच्या लक्षात राहायचं नाही.

मला माणसात आणलं ते उस्तांच्या लेकीनं, अफाफनं. कॉलेजात प्रथमोपचाराचा वर्ग करून आली, मुंग्या झटकल्या, मला घासूनपुसून आत गॉज, पट्ट्या, हातमोजे रचले.

“आली आमची डॉक्टरीणबाई,” तिची आत्या, हाज्जा बहिय्या, हसली. “दार आपटलं तरी किंचाळते, आणि ही रक्त थांबवणार.”

“हसा आत्या. पेटी मात्र जागची हलवायची नाही.”

आज ते गुणगुणणं थांबलं आणि अफाफ धावत आली. दारातच थबकली. उस्तांच्या मनगटाच्या वर करवत चावली होती. थेंब नव्हते, धार होती. तिनं आधी करवतीचं बटण बंद केलं, मग मला ओढलं. माझं झाकण खडखडलं.

“बाबा, खाली बसा. भिंतीला टेका.”

“खरचटलंय गं. अक्रोडाची फळी तेवढी वाया गेली.”

तोवर हाज्जा डबा उघडून हजर. “सरक पोरी. तुझ्या आजोबांचा अंगठा याच कॉफीनं वाचला.”

“आजोबांचा अंगठा वाकडा होता ना?”

“वाकडा होता, पण होता.”

“ही धार आहे आत्या. पूड वाहून जाईल, आणि राहिली तर घाण आत जाईल. हात लावायचा नाही.”

आवाज कापत होता, पण ती हलली नाही. मीही नाही. म्हटलं, येऊ दे त्या पितळी नवाबाला, बघू कोण कुणाला हटवतं.

तिनं हातमोजे चढवले, गॉजची चळत जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी दाबली, उस्तांचा हात वर धरला. गॉज लाल झाला.

“काढ तो, दुसरा लाव,” हाज्जा म्हणाली.

“काढायचा नाही. त्याच्यावरच दुसरा. तुम्ही रुग्णवाहिकेला १२३ लावा आत्या, माझे हात सुटत नाहीत.”

हाज्जानं भावाच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांकडे पाहिलं. डबा खाली ठेवला. फोन लावून माझ्या झाकणावर ठेवला, स्पीकर चालू करून. पहिल्यांदा लागलाच नाही. तिनं पुन्हा लावला.

“बाबा, डोळे मिटू नका. कुठलं गाणं होतं ते?”

“आठवत नाही.”

“मग दुसरं म्हणा.”

माझ्यात आता शेवटचा गॉज उरलाय. मी रिकामी होतेय आणि जन्मात पहिल्यांदा मला त्याचा माज चढलाय. तुमच्याही फळीवर माझी एखादी बहीण असेल, साखरेनं भरलेली. आजच रिकामी करा तिला, नीट भरा. ती खडखडली तर खडखडू द्या. जागेवरून मात्र हलवू नका.

घंटी माझ्या पत्र्यात घुमतेय. उस्ता गुणगुणताहेत, बेसूर. अफाफ दाबूनच आहे.

घंटी थांबते.

“रुग्णवाहिका सेवा. बोला, काय झालंय?”